घरात दोन राउटर आणि फोनला टीव्ही सापडत नाही? असं जोडा

खाली हॉलमध्ये फायबरवाल्याने बसवलेला राउटर, वरच्या मजल्यावर रेंज पोचत नाही म्हणून आपण विकत आणून लावलेला दुसरा राउटर, आणि टीव्हीच्या मागे क्रोमकास्ट नाहीतर फायर टीव्ही स्टिक. इंटरनेट दोन्हीकडे व्यवस्थित चालतंय, टीव्हीवर यूट्यूब लागतंय, फोनवर पण लागतंय, पण फोनवरून टीव्हीवर काही पाठवायला गेलं की कास्टचं बटणच दिसत नाही, फायर टीव्हीचं फोनमधलं रिमोट ॲप "डिव्हाइस सापडलं नाही" म्हणतं, आणि हेच खाली जाऊन त्याच फोनवरून केलं की लगेच चालतं. मग लोक स्टिक रिसेट मारतात, नवीन स्टिक आणतात, टीव्हीवाल्याला बोलावतात. कृपया यातलं काहीही करू नका, स्टिक चांगली आहे, टीव्ही चांगला आहे आणि बहुतेक घरांत एक पैसाही खर्च न करता हे सुटतं.

नाशिकला मावशीच्या रो हाऊसमध्ये अगदी हेच होतं, तिला संध्याकाळी वरच्या खोलीत बसून फोनमधलं कीर्तन मोठ्या टीव्हीवर लावायचं असायचं आणि त्यासाठी दर वेळी जिना उतरून खालच्या वायफायवर जाऊन परत वर यावं लागायचं, तोपर्यंत फोन परत वरचं वायफाय पकडायचा. गुडघे दुखणाऱ्या माणसाने हे का सहन करायचं. म्हणून सगळं नीट क्रमाने लिहितोय, घरातल्या कुणालाही जमेल असं.

आधी हे होतं का ते समजून घ्या

फोनला टीव्हीची स्टिक सापडते कशी, तर फोन वायफायवर एक हाक मारतो, "इथे कास्ट करता येईल असं कोण आहे का?" आणि स्टिक उत्तर देते. क्रोमकास्टच्या बाबतीत ही हाक २२४.०.०.२५१ या पत्त्यावर जाते, ५३५३ नंबरच्या पोर्टवर, तिला एमडीएनएस म्हणतात. फायर टीव्हीवरचं यूट्यूब वगैरे शोधायला आणखी एक पद्धत वापरतात, तिचा पत्ता २३९.२५५.२५५.२५० आणि पोर्ट १९००. हे आकडे पाठ करायची गरज नाही, लक्षात ठेवायची गोष्ट एकच, की ही हाक फक्त आपल्याच नेटवर्कमध्ये ऐकू जाते, राउटर ती पलीकडे जाऊ देत नाही. सोसायटीत ए विंगच्या जिन्यात मारलेली हाक बी विंगमध्ये ऐकू जात नाही तसंच.

आणि दुसरा राउटर डब्यातून काढून नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे पहिल्यातून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या केबलसाठीचं भोक) घालून लावला की तो आपली वेगळी बी विंग उभी करतो. स्वतःचे वेगळे आयपी पत्ते (नेटवर्कमधल्या प्रत्येक डिव्हाइसला मिळणारा नंबर) वाटतो, आणि त्याच्या मागच्या सगळ्या डिव्हाइसेसना पहिल्या राउटरपासून लपवून ठेवतो. याला डबल नॅट म्हणतात. इंटरनेट यातून आरामात चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही, पण फोन एका विंगमध्ये आणि स्टिक दुसऱ्या विंगमध्ये असली की संपलं.

खात्री करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. फोन ज्या वायफायवर आहे त्याच्या नावावर किंवा शेजारच्या गिअरवर टॅप करा, खाली आयपी ॲड्रेस दिसेल. मग स्टिकचा आयपी बघा: फायर टीव्हीत सेटिंग्जमध्ये माय फायर टीव्ही, अबाउट, नेटवर्क, रिमोटवाल्या गूगल टीव्हीत सेटिंग्जमधल्या नेटवर्कमध्ये, जुन्या बिनरिमोटच्या क्रोमकास्टला गूगल होम ॲपमध्ये त्या डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये. आता दोन्हींचे पहिले तीन आकडे जुळतायत का बघा. जिओच्या राउटरवर सहसा १९२.१६८.२९ असतं, टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलवर १९२.१६८.० असतं. फोन १९२.१६८.०.१०४ आणि स्टिक १९२.१६८.२९.३७ असं दिसलं की रोग सापडला. तीनही आकडे सारखे असतील आणि तरी कास्ट होत नसेल तर तुमचा प्रॉब्लेम वेगळा आहे, तो पुढे "सगळं केलं तरी दिसत नाही" मध्ये आहे, तिकडे जा.

एक गंमतीशीर गोष्ट मध्येच सांगतो, कारण यामुळे खूप जणांचा गोंधळ होतो. फोन दुसऱ्या राउटरवर आणि स्टिक पहिल्यावर असेल तर फोनवरून स्टिकच्या आयपीला पिंग केलं (म्हणजे ती उत्तर देते का ते तपासलं) तर बऱ्याचदा उत्तर येतं, म्हणजे रस्ता आहे, पण हाक पोचत नाही म्हणून बटण दिसत नाही. उलट असेल, स्टिक दुसऱ्यावर आणि फोन पहिल्यावर, तर पिंगही जात नाही. त्यामुळे "पिंग जातंय म्हणजे नेटवर्क ठीक आहे" असं कुणी फोनवर सांगितलं तर तेवढ्यावर थांबू नका.

उपाय: दुसऱ्या राउटरचं राउटरपण काढून घ्या

दोन विंगची एक विंग करायची. दुसऱ्या राउटरने फक्त वायफाय द्यायचं, पत्ते वाटायचं काम पहिल्या एकट्याने करायचं. याला ॲक्सेस पॉइंट मोड म्हणतात आणि गेल्या काही वर्षांत विकल्या गेलेल्या बऱ्याच राउटरमध्ये हे एका क्लिकवर असतं.

सुरुवात करण्याआधी दुसऱ्या राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, त्यावर लॉगिनचा पत्ता, मॉडेल नंबर आणि मूळ वायफाय पासवर्ड असतो. आताचं वायफायचं नाव आणि पासवर्ड पण लिहून ठेवा, कारण मोड बदलताना काही मॉडेल आधीची सेटिंग पुसून टाकतात.

मग लॅपटॉप किंवा फोन दुसऱ्या राउटरच्या वायफायवर घ्या, मोबाइल डेटा बंद करा, ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाका, १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असं काहीतरी असेल. आकडे अर्थातच इंग्रजी कीबोर्डवरून टाकायचे आणि वरच्या ॲड्रेस बारमध्ये टाकायचे, गूगलच्या सर्चमध्ये नाही, हे सांगतोय कारण घरच्या मोठ्या माणसांना फोनवर मदत करताना इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. लॉगिन केल्यावर टीपी-लिंकमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये सिस्टिमखाली किंवा सरळ मेन्यूमध्येच ऑपरेशन मोड सापडेल, दुसऱ्या कंपन्यांत तो वर्किंग मोड किंवा वायरलेस मोड अशा नावाने असतो. त्यात ॲक्सेस पॉइंट निवडा, सेव्ह करा, राउटर स्वतः रिस्टार्ट होईल, दोन-तीन मिनिटं थांबा. या वेळात त्याची पॉवर काढू नका.

परत चालू झाल्यावर केबल होती तशीच ठेवायची, या मोडमध्ये बहुतेक मॉडेलचं वॅन पोर्टसुद्धा साध्या लॅन पोर्टसारखं (घरातल्या डिव्हाइसेसच्या केबलसाठीची बाकीची भोकं) काम करतं. वायफायचं नाव-पासवर्ड गेला असेल तर परत टाका. आता फोनचा आयपी परत बघा, वरच्या उदाहरणात तो १९२.१६८.२९ ने सुरू व्हायला हवा, म्हणजे पत्ता पहिल्या राउटरने दिला. झालं, मुख्य काम इथेच संपलं. फक्त एक फरक लक्षात ठेवा, आता दुसऱ्या राउटरचं लॉगिन पेज जुन्या पत्त्यावर उघडेलच असं नाही, त्यालाही पहिल्याकडून नवीन पत्ता मिळालाय. पहिल्या राउटरच्या पेजवर कनेक्टेड डिव्हाइसेसची यादी असते, तिथे तो सापडतो.

राउटर जुना असेल आणि हा मोडच नसेल

तरी होतं, हाताने करावं लागतं एवढंच. यात क्रम फार महत्त्वाचा आहे म्हणून सावकाश करा.

आधी दोन राउटरमधली केबल काढून टाका. लॅपटॉप दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टला केबलने जोडा. पेज उघडून लॅन सेटिंगमध्ये जा आणि राउटरचा स्वतःचा आयपी बदला. पहिला राउटर १९२.१६८.२९.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.२९.२५० द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० तसाच. पण हा २५० नंबर पहिला राउटर आणखी कुणाला देणार नाही याची सोय करावी लागते, त्यासाठी पहिल्या राउटरच्या डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटायची सोय) पेजवर पत्त्यांची रेंज असते, तिचा शेवट २४० वर आणा. म्हणजे २४१ पासून पुढचे पत्ते आपल्या हाताने देण्यासाठी मोकळे राहिले.

सेव्ह केल्यावर राउटर रिस्टार्ट होईल, लॅपटॉपची केबल एकदा काढून लावा, आणि आता नव्या पत्त्यावर, म्हणजे १९२.१६८.२९.२५० वर लॉगिन करा. आता डीएचसीपी सर्व्हर बंद करा, सेव्ह करा. आधी डीएचसीपी बंद करून मग आयपी बदलायला गेलात तर मध्येच लॅपटॉपला पत्ता मिळणं बंद होऊ शकतं आणि पेज उघडत नाही, म्हणून हाच क्रम. तसं झालंच तर घाबरू नका, लॅपटॉपला हाताने पत्ता द्या, राउटर जुन्या नंबरावर असेल तर त्याच्याच घराण्यातला, उदाहरणार्थ १९२.१६८.०.१०, आणि पेज उघडेल. अगदीच अडलं तर मागचं रिसेटचं बटण टाचणीने साधारण दहा सेकंद दाबून धरा आणि पहिल्यापासून करा.

शेवटी पहिल्या राउटरच्या लॅन पोर्टमधून केबल आणून दुसऱ्याच्या लॅन पोर्टमध्येच घाला. वॅन पोर्ट, जो बऱ्याच राउटरवर वेगळ्या रंगाचा असतो, रिकामा राहू द्या, बुच लावून ठेवलं तरी चालेल, कारण कुणीतरी झाडलोट करताना केबल निघाली की हमखास त्याच रंगीत भोकात परत घालतं.

केबल लॅनमध्ये घातली आणि डीएचसीपी बंद करायचा राहिला तर जे होतं ते फार छळणारं असतं. दोन्ही राउटर पत्ते वाटायला लागतात, सकाळी फोन चालतो, दुपारी वायफायची खूण पूर्ण दिसते पण इंटरनेट नाही, टीव्ही चालतो तर लॅपटॉप नाही. "कधी चालतं कधी नाही" अशी तक्रार आली की सगळ्यात आधी हेच तपासा. आणि दोन राउटरमध्ये चुकूनही दोन केबल लावू नका, जास्त स्पीड मिळेल या आशेने लोक लावतात, पण साध्या राउटरमध्ये त्याने लूप होतो आणि घरातलं सगळं नेटवर्क ठप्प होतं.

केबलबद्दल थोडं

कॅट ५ई पुरेशी आहे, १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट जाते, घरात याहून जास्त लागत नाही. नवीन ओढत असाल तर कॅट ६ घ्या आणि शुद्ध तांब्याचीच मागा, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते पण वाकवली की आतली तार तुटते. गिगाबिटला आठही तारा लागतात, एखादी जोडी सुटली की जोडणी गुपचूप १०० एमबीपीएसवर येते, तेव्हा तुमचा प्लॅन मोठा असून वरच्या मजल्यावर कायम ९०-९५ च दिसत असेल तर केबलची टोकं परत क्रिंप करून घ्या. (दुसऱ्या राउटरचे पोर्टच १०० चे असतील तरी तेवढंच दिसेल, ते मॉडेलच्या माहितीत बघा.) खिडकीतून बाहेरून नेणार असाल तर बाहेरच्या वापराची जाड आवरणाची घ्या, एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला की घरातली साधी केबल तडकते.

टीव्हीसाठी मात्र एवढा स्पीड लागत नाही. नेटफ्लिक्स फोर-के साठी १५ एमबीपीएस सांगतं, फुल एचडीला ५. त्यामुळे १०० ची जोडणी टीव्हीला भरपूर झाली.

आता स्टिक जोडा

दोन्ही राउटरना वायफायचं नाव, पासवर्ड आणि सिक्युरिटीचा प्रकार अगदी सारखा ठेवा, म्हणजे फोन घरात फिरताना आपोआप जवळचा पकडतो आणि मावशीला वायफाय बदलत बसावं लागत नाही. काही लोक "हॉल" आणि "वरचा मजला" अशी वेगळी नावं ठेवतात, एकच नेटवर्क झाल्यावर तेही चालतं, आणि पहिले काही दिवस तपासणीसाठी तसं ठेवलं तर कोण कुठे जोडलंय ते कळतं. मला स्वतःला शेवटी एकच नाव बरं वाटतं.

२.४ गिगाहर्ट्झवर मात्र दोघांचे चॅनल वेगळे ठेवा, एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११, आणि चॅनलची रुंदी २० वर. ऑटोवर सोडलं की कधी कधी दोघं एकमेकांच्या डोक्यावर बसतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे पण जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीतून किंवा स्लॅबमधून फार जात नाही. २०१३ चं पहिलं क्रोमकास्ट फक्त २.४ वरच चालतं, त्यामुळे तुमच्याकडे ते असेल तर २.४ बंद करू नका. फोन ५ वर आणि स्टिक २.४ वर असली तरी हरकत नाही, एकाच राउटरचे दोन्ही बँड एकाच नेटवर्कमध्ये असतात.

स्टिकच्या सेटिंगमध्ये जाऊन जुनं वायफाय फर्गेट करा आणि परत जोडा, म्हणजे ती नवा पत्ता मागेल. बिनरिमोटच्या क्रोमकास्टचं गूगल होम ॲपमधून करावं लागतं, तेव्हा फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवा आणि टीव्हीच्या जवळ उभं राहा.

दुसरा राउटर टीव्हीच्या शेजारीच असेल तर स्टिक केबलनेच जोडून टाका असं मी आग्रहाने सांगेन. फायर टीव्ही स्टिकला वेगळं इथरनेट ॲडाप्टर मिळतं, जुन्या क्रोमकास्टला इथरनेटवालं पॉवर ॲडाप्टर मिळतं, २०२४ च्या गूगल टीव्ही स्ट्रीमरला तर पोर्ट आहेच. केबलने जोडलेली स्टिक आणि वायफायवरचा फोन एकमेकांना दिसतात, नेटवर्क एक असलं की झालं.

आणि हेही माहीत असू द्या की यूट्यूबसारखं काही कास्ट केल्यावर व्हिडिओ फोनमधून टीव्हीला जात नाही, फोन फक्त काय लावायचं ते सांगतो, स्टिक स्वतः इंटरनेटवरून ओढते. म्हणून व्हिडिओ अडकत असेल तर स्टिकची रेंज बघायची, फोनची नाही. फोनची स्क्रीन मिरर करताना मात्र सगळं फोनमधूनच जातं, तिथे दोघांची रेंज चांगली लागते.

सगळं केलं तरी दिसत नाही

तपासताना यूट्यूबनेच तपासा, नेटफ्लिक्सने नको. नेटफ्लिक्सने २०२५ च्या शेवटी फोनवरून कास्ट करणं बऱ्याचशा टीव्ही आणि रिमोटवाल्या स्टिकवर बंद केलंय, तिथे बटण दिसलं नाही तर तुमच्या राउटरचा काही दोष नाही, रिमोटने टीव्हीवरचंच ॲप उघडायचं.

फोन किंवा स्टिक गेस्ट वायफायवर नाही ना ते बघा, गेस्ट नेटवर्क मुद्दाम एकमेकांना दिसू देत नाही. दोन्ही राउटरच्या वायरलेस सेटिंगमध्ये एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन नावाचा ऑप्शन असतो, तो बंद हवा. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा, ऑफिसच्या फोनमध्ये तो आपोआप चालू होतो आणि आपल्याला कळत नाही. आयफोनला २०२० च्या आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला लोकल नेटवर्कची परवानगी लागते, पहिल्यांदा विचारतो तेव्हा घाईत नाही दाबलं जातं, आणि मग त्या ॲपमध्ये कास्ट कधीच दिसत नाही. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली लोकल नेटवर्कमध्ये जाऊन चालू करा. हे सगळं नीट असेल तर राउटरमध्ये आयजीएमपी स्नूपिंग नावाचा ऑप्शन शोधा आणि आहे त्याच्या उलट करून बघा, काही मॉडेलमध्ये ते चालू असलं की ती हाक मध्येच अडते.

केबल ओढणं शक्य नाही, किंवा पहिल्या राउटरला हात लावता येत नाही

केबल नसेल तर दुसऱ्या राउटरमध्ये रेंज एक्स्टेंडर किंवा रिपीटर मोड आहे का बघा, तो पहिल्याचं वायफाय पकडून पुढे देतो आणि नेटवर्क सहसा एकच राहतं. स्पीड मात्र पडतो, एकाच बँडवर घेणं आणि देणं दोन्ही करायला लागलं तर साधारण निम्मा. विस्प नावाचा मोड दिसेल तो निवडू नका, तो परत वेगळं नेटवर्क करतो. नवीन घ्यायचंच असेल तर मेश (एकत्र एकच नेटवर्क देणाऱ्या दोन-तीन डब्यांचा संच) घ्या, पण तेही ॲक्सेस पॉइंट किंवा ब्रिज मोडमध्ये लावा, नाहीतर फायबरवाल्याच्या राउटरमागे परत तेच दोन विंगचं होतं.

भाड्याच्या घरात किंवा पीजीमध्ये पहिला राउटर मालकाचा असतो, त्याचं लॉगिन मिळत नाही. तिथे उलटं करा: तुमचा राउटर राउटर म्हणूनच राहू द्या, वॅनमध्ये केबल घाला, आणि फोन, स्टिक, लॅपटॉप सगळं तुमच्याच वायफायवर ठेवा, मालकाचं वायफाय फोनमधून फर्गेट करून टाका म्हणजे फोन तिकडे पळणार नाही. डबल नॅट राहतं, पण तुमच्या सगळ्या वस्तू एकाच बाजूला असल्याने कास्ट चालतं, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला तुमचा टीव्ही दिसत नाही हा फायदाच. फक्त दोघांचे पत्ते सारखे नकोत. मालकाचा राउटरही १९२.१६८.०.१ असेल आणि तुमचाही, तर इंटरनेट येणार नाही. काही राउटर स्वतःच बदलून घेतात, नाही घेतलं तर तुमच्याचा पत्ता १९२.१६८.५०.१ करा.

लाइट जाऊन आल्यावर कधी कधी स्टिक जोडलेली दिसते पण काही चालत नाही आणि आयपी १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतो, म्हणजे पहिला राउटर पूर्ण चालू व्हायच्या आधी तिने पत्ता मागितला आणि मिळाला नाही. पहिल्या राउटरवर इंटरनेटचा दिवा लागेपर्यंत थांबा आणि मग फक्त स्टिकची पॉवर काढून लावा, बाकी कशाला हात लावायची गरज नाही. लाइट वारंवार जात असेल तर राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, तो आधी खालच्या राउटरला लावा, वरच्याला नंतर, कारण पत्ते खालचाच वाटतो.